चुंबळ

रॉचडेलला नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
भिंगाखाली मी माणसं धरतो,
अंगठ्याच्या पेराएवढी, शिशाची.
हिवताप आणि हुकूम दोन्ही अंगावर घेऊन
आफ्रिकेतून ब्रह्मदेशाच्या जंगलात उतरलेली.

तीस वर्षं मी लोकांचे दात केले.
कुणाचाच दात नुसता पांढरा नसतो,
मुळाशी मध, टोकाशी पाणी.
म्हणून एका तपकिरी डबीत
अख्खी पलटण बुडवणं मला जमत नाही.
'त्वचा' एवढंच नाव असलेली डबी आहे एक.
आत गुलाबी.
ती मागच्या रांगेत ठेवली आहे.

हिरवा सदरा, पाठीवर घामाचा गडद पट्टा.
कोयता, मुठीला सुतळी.
बाहीवर पिवळ्या गोलात काळा कोळी,
त्याला आठ पाय हवेत.
सहा जमले. चष्म्याचा नंबर वाढलाय.

खोक्यातून आलेले सगळे नेम धरलेले.
ओझं वाहणारा एकही नाही.
नियमांच्या पुस्तकात हमालाला गुण शून्य.
चर्चच्या हॉलमधला क्लिफर्ड ॲशवर्थ म्हणतो,
"गोळी झाडत नाहीत, मग टेबलावर करतात काय?"
त्याच्या उखळी तोफा डोंगरमाथ्यावर.
डोंगराला रस्ता नाही.
मी म्हटलं, क्लिफर्ड, त्या उडत आल्या का?
तो फासे हलवत राहिला.

मग मीच तिघं घडवले.
काड्यापेटीच्या पुठ्ठ्याची पेटी, हात वर.
पेटी डोक्यावर ठरेना. डिंक लावला, घसरली.
आधी शब्द आठवला, बोटं मागून हलली:
चुंबळ.
अडतीस वर्षांत या गावात
हा शब्द मी मोठ्याने उच्चारला नव्हता.
बँडेजचा दोरा पिळला, वेटोळं केलं,
दात कोरायच्या सुईने दाबून बसवलं.

लारिबा शिडी परत करायला आली,
अंगात बस ड्रायव्हरचा कोट तसाच.
वाकून बघितलं. "गम्मो," म्हणाली.
मी म्हटलं, "चुंबळ."
आणि आम्ही दोघांनीही
आपापल्या टाळूला हात लावला.

तिचे आजोबा होते त्या युद्धात. आडोंगो.
भरतीच्या कारकुनाने आडनावाच्या रकान्यात जमात लिहिली,
एका तुकडीत अकरा फ्राफ्रा,
कुणी कुणाचा भाऊ नव्हे.
"आणि हे बूट?" तिने माणूस उताणा केला.
"बूट गळ्यात अडकवून चालायचे ते.
चिखलात बूट आधी मरतात, म्हणायचे."

बूट तासले. पाच बोटं कोरली, मग पाच.
एक करंगळी तुटली. राहू दे.

जाताना दारातून विचारलं तिने,
"पेटीत काय आहे?"
काही नाही. पोकळ आहे.
"वाटलंच," म्हणाली. "मान खोटं बोलतेय."

रात्री पेटीचं झाकण उचकटलं.
गळाला लावायचे शिशाचे मणी होते,
एकेक करून सात टाकले.
सातव्याला मान, पुट्टी अजून ओलीच होती,
केसभर खाली बसली
आणि तिथेच थांबली.
मी दिवा मालवला नाही.
वाळेपर्यंत कुणीतरी जागं असायला हवं होतं.