साक्ष

थंडर बे. उणे चौतीस.
ऐनो कोस्केलाच्या तळघरात
रेइनो गुडघ्यांवर, कान भट्टीकडे.
"आधी ऐक," मला म्हणतो, "पान्हा ठेव खाली."

वर थर्मोस्टॅटची टिचकी.
छोटा पंखा घरघरत शिळी हवा बाहेर ढकलतो,
दाबाचा स्विच वाट मोकळी असल्याची खात्री करून घेतो.
इग्नायटर तापत तापत नारिंगी.
व्हॉल्व्ह खट्,
आणि निळी ज्योत पळत जाते बर्नरामागून बर्नर.

एक, दोन, तीन, चार,
विझली.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.
मग भट्टी रुसून गप्प.

"नुसतं जळून भागत नाही रे, साक्ष लागते."
तो एक काडी उपसतो, पेन्सिलीहून बारीक,
तिच्यावर पांढुरकं पुट.
ज्योतीतून हिच्यात वीज झिरपते,
मुंगीच्या पावलाएवढी.
ती पोचली नाही तर गॅस बंद. बरोबरच आहे.

स्टीलवूलचा हलका हात.

या वेळी मी दहापर्यंत मोजतो, मग मोजायचं विसरतो.
मोठा ब्लोअर मागाहून उठतो;
गार हवा घेऊन कुणाच्या घरात जायचं नसतं.

वर जाळीपाशी ऐनोबाई, अंगात अजून कोट.
"आली ऊब," म्हणते.
आम्हाला नाही, मांजराला.