कानांवर हात

टोकन क्रमांक एकतीस
छताजवळच्या भोंग्यातून पुकारला जातो.
बहिऱ्यांसाठी खास उघडलेल्या खिडकीसमोर.
मी फुसाएबाईंच्या गुडघ्याला बोट लावते,
त्या पिशवी सावरत उठतात.

दुभाष्याचा पहिला नियम:
'त्या म्हणतात' असं म्हणायचं नाही.
त्यांचे हात हलले, की माझ्या तोंडून 'मी' यायला हवं.
म्हणून दोन मुलांची आई असलेली मी,
धाकट्याचा डबा भरून बर्फातून धावत आलेली मी,
काचेच्या भोकातून स्वच्छ आवाजात सांगते,
मला मूल नाही.
होऊ दिलं नाही.

पलीकडचा ओइकावा कमरेतून वाकतो.
वाकणं त्याला प्रशिक्षणात शिकवलंय,
वर आल्यावर कुठे बघायचं ते शिकवायचं राहिलंय.
तो जन्मला तेव्हा कायदा मरून दोन वर्षं झाली होती.

नाव फार गोड होतं त्या कायद्याचं.
त्यात 'उत्तम' होतं, 'संरक्षण' होतं,
बारशाला कुणी सुचवावं असं.
अठ्ठेचाळीस वर्षं जगला.
निकृष्ट संतती, हे शब्द पहिल्याच कलमात,
ठळक शाईत.
आता न्यायालय म्हणालं,
तो कायदाच जन्मतः सदोष होता.

अर्ज विचारतो, शस्त्रक्रियेचं वर्ष?
एकोणीसशे बासष्ट. सफरचंदं उतरवायचे दिवस.
लग्नाला तीन आठवडे होते.
अर्ज विचारतो, तुम्हाला काय सांगण्यात आलं?
होणाऱ्या सासूनं माझ्या पोटावर बोट ठेवलं,
मग स्वतःच्या गालाखाली हात घेऊन डोळे मिटले.
दुखतं, आणि झोप.
त्या घरात एवढ्याच दोन खुणा येत होत्या.

अर्ज विचारतो, पुरावा?
दवाखाना पाडला, तिथे आता गाड्या लावतात.
कागद पाच वर्षांनी नष्ट करायचे असा नियम होता,
तो मात्र काटेकोर पाळला गेला.
आरोग्य खात्याला तीनदा विचारलं,
खात्यानं कानांवर हात ठेवले.

हे शेवटचं ओइकावाचं वाक्य.
खुणांत उतरवताना माझे हात अडखळतात,
मग खरंच स्वतःच्या कानांवर जातात.
फुसाएबाई बघत राहतात, आणि हसतात,
पोट धरून, खुर्ची करकरेपर्यंत.
अच्छा, खातंही बहिरं आहे?
मग त्याचं का नाही कापलं?

तेही मला 'मी' होऊनच बोलावं लागतं,
सरकारी काचेतून, चढ्या आवाजात.

व्रण चालेल, ओइकावा हळू म्हणतो,
डॉक्टरांनी तपासलेला.
म्हणजे त्रेसष्ट वर्षांनी पुन्हा एक टेबल,
वर पुन्हा दिवा.
या वेळी मी सोबत येईन, माझे हात सांगतात.
हे खोलीत कुणीच बोललेलं नव्हतं.

फुसाएबाईंचे दीड कोटी येन.
इवाओंचे पन्नास लाख; ते सात वर्षांपूर्वी गेले,
म्हणून आणखी एक पान, मृताच्या वारसांचं.
अपत्ये असल्यास नावे जोडावीत.

'मूल' ही खूण सोपी आहे.
तळहात जमिनीकडे, हवेत,
लहान डोक्यावर ठेवावा तसा.
मी तो कमरेपाशी धरते. सगळेच तिथे धरतात.

त्या माझं मनगट पकडतात.
वर नेतात. छातीशी, खांद्याशी,
दर वर्षी नेत असाव्यात तशा सवयीनं,
माझ्या डोक्याच्याही वर.
इवाओंवर गेला असता, ताडमाड.
गेल्या वसंतात साठीचा.

तिथे हात धरून मी उभी.
दंड भरून येतो.
काय म्हणाल्या? ओइकावा विचारतो,
पेन त्या रिकाम्या चौकटीवर टेकवून.

मागे भोंगा पुकारतो,
टोकन क्रमांक बत्तीस.
पुन्हा एकदा, बत्तीस.
बाकावर तिघं बसलेत, शांत,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.