चुड्याचा हिरवा

मोंढ्याच्या मागं, परभणीत, आमचा छापखाना.
द्वारकाबाई कासार आल्या, पिशवीतून प्रूफ काढलं,
टेबलावर आपटलं:
"ह्यो माजा हिरवा नाय."

दुकानाचं कार्ड. कोपऱ्यात चुडा.
परवा फोनवर पाठवला तेव्हा
त्यांनी लेकीला दाखवला, विहिणीला दाखवला,
शेजारच्या टेलरलाही दाखवला म्हणे.
आता कागदावर तोच चुडा
तीन दिवसांच्या मेथीसारखा.

मी सांगू लागले, शिकवलं होतं तसं:
पडद्यावर तांबडा, हिरवा, निळा,
तिन्ही उजेड एकत्र पेटले की पांढरं होतं.
छपाईत उलटं. शाई आलेला उजेड गिळते,
नको तेवढाच परत पाठवते.
तिन्ही शाया कालवल्या
की आपल्या रानासारखा काळा चिखल.
बाई माझ्याकडं बघत राहिल्या,
पोरीला ताप चढल्यासारखं.

खमरोद्दीनचाचांनी मशीन थांबवलं,
रॉकेलच्या चिंधीला बोटं पुसली.
"वैनी, फोनातला रंग दिवा हाय.
कागदाला सवताचा दिवा कुठून येणार?"

तेवढ्यात लाईट गेली.
स्क्रीनवरचा चुडा आधी गेला,
पंखा मागून, रेंगाळत.

द्वारकाबाई कार्ड घेऊन दारात गेल्या.
पिशवीतल्या दोऱ्यातून एक काकण सोडवलं,
उन्हात धरलं. पेटलं.
थेट फोनातला हिरवा.
कार्डावर टेकवलं. निवलं.
पुन्हा वर. पुन्हा खाली.
चाचा बघत होते, मी बघत होते,
रिक्षावालाही थांबून बघत होता.

"मला ठावं हाय की हे," त्या काकणालाच म्हणाल्या.
"उन्हात धरून काकण कधी इकू नये.
बाई घरी जाती, हातात बघती, आन् मला शिव्या देती.
आदी मनगटात चढवावं, मंग भाव सांगावा."

मग आमच्याशी भाव केला.
पाचशे कार्डं, शेकड्यामागं वीस कमी.
चाचांनी पिवळी शाई जराशी सोडली तरीही,
कुणी सांगितलं नव्हतं,
निव्वळ आपल्या हट्टापायी.

लाईट आली. स्क्रीनवर चुडा परतला,
लखलखीत,
कुणाच्याच हातात कधी न चढलेला.
मी उजेड निम्म्यावर आणला, पुढचं काम उघडलं:
गृहप्रवेशाची पत्रिका, झेंडूचा रंग,
खाली गिऱ्हाइकाची टीप,
'फोनवर दिसतो तस्सा पाहिजे.'