आडकाठी

वारा अठरा मीटरच्या वर गेला, घुमट मिटला.
आता उजाडेपर्यंत मी, थर्मासमधला रिका-रिकाचा चहा
आणि पडद्यावर चारशे बारा दीर्घिका.
प्रत्येकीपुढे तोच प्रश्न:
दांडा आहे, नाही, सांगता येत नाही.

जवळच्या सोप्या.
पोटातून आरपार गेलेली ताऱ्यांची काठी
आणि तिच्या टोकांना धरून मागे वळलेले हात.
काही काठ्या म्हातारपणी मधेच वाकतात, फुगतात,
बाजूने पाहिलं तर चक्क भुईमुगाची शेंग.
लांबच्या पुसट,
ओल्या बोटाने पाटीवर फासल्यासारख्या.

एकशे सातवी माझ्या ओळखीची.
चार वर्षांपूर्वी, जुन्या दुर्बिणीच्या चित्रात,
मीच लिहिलं होतं: नाही.
ते 'नाही' उप्सालाला गेलं, हेडविगच्या आलेखात ठिपका झालं,
आणि आलेख म्हणाला,
पोरवयात विश्वाकडे काठ्या नव्हत्याच फारशा.
नुसता धिंगाणा, वायूचे लोट, धडका.
काठी धरायची तर आधी चकती निवावी लागते.

आज तीच, अवरक्तात, धुळीच्या पलीकडून.
आहे की.
अकरा अब्ज वर्षांपूर्वीची, आखूड, हट्टी,
धिंगाण्यात उभी.

आडकाठी म्हणावं तर ती कुणाला अडवत नाही.
बाहेरचा वायू ओढून आत लोटते,
मध्यात तारे भडाभड पेटतात,
आणि एक दिवस कोठार रिकामं.
ती मात्र फिरतच राहते.

तोकोनाओत आई चालता चालता सूत काढायची.
मी विचारलं होतं, टकळी थांबली की गिरकी जाते कुठे?
सुतात, म्हणाली, आणि पुढे गेली.
काठीची गिरकीही अशीच कुठेतरी जाते,
कुणी न पाहिलेल्या काळ्या वलयात, म्हणतात.
देता देता ती मंदावते,
आणि मंदावता मंदावता लांब होते.
आईही आता हळू चालते.
तिच्या गोष्टी लांबत चालल्यात.

पावणेपाचला बाहेर आले.
जुलै. डोक्यावर आपलीच दीर्घिका, आडवी.
हिलाही काठी आहे, तिरपी, एक टोक आपल्याकडे केलेली.
दिसत नाही. घरात बसून घराचं छप्पर दिसत नाही तशी.
आईच्या लोकांनी इथे तारे नाही, काळोख वाचला:
लामा, आणि तिच्या पोटाखाली पिल्लू.
तो काळोख म्हणजे धूळ.
काठी तिच्यामागेच कुठेतरी.
आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
लामाच्या मागे कुणीतरी काठी घेऊन असायचंच.

बोटं गारठली. आत आले.
एकशे सातपुढचं 'नाही' खोडलं.
मग दोन ओळी उप्सालाला:
हेडविग, चूक माझी होती.
तुझा डावीकडून तिसरा ठिपका वर घे,
केसभरच.