मूळ फोटो माझा होता

नचिकेत, मुठा इतकी निळी
तुझ्या पणजोबांनीही पाहिली नसेल.
आशावादाला पूर्ण गुण.
नदीला तेवढी थोडी जलपर्णी परत दे.

केतकरबाई, तारा पुसल्यात सफाईने,
पण तारेवरचा कावळा राहिला.
आता तो शिवाजी पुलावर
हवेत पाय रोवून बसलाय.
चुकून झालं असेल तर सांगू नका,
मला आवडलंय.

इम्तियाज, कृष्णधवल केलं की
दुःख आपोआप येतं, असं नसतं रे.
कोपऱ्यात कणसं भाजणारी आहे,
तिचे निखारे तरी लाल ठेवायचेस.

उरलेल्या तिघांनी एकच सूर्यास्त चिकटवलाय,
तोही कसब्याच्या बाजूला.
पुण्यात अजून तरी पूर्वेला मावळत नाही.

आणि भार्गवी,
तू काहीच केलं नाहीस, असं आधी वाटलं.
फक्त दुसऱ्या कमानीखालची सावली
जराशी उचललीस,
तर तिथे एक माणूस निघाला,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
स्कूटर धूत.

वीस मिनिटं उभा होतो मी
काठावरच्या कठड्याला टेकून,
ट्रायपॉडचा एक पाय हातात धरून.
मला तो दिसला नव्हता.

तोच ट्रायपॉड बक्षीस आहे.
डावा पाय घसरतो, खाली कागदाची घडी ठेव.
बाकीच्यांचे गुण रविवारी.

काल संध्याकाळी परत गेलो होतो, खाली उतरून.
कमानीत कुणी नव्हतं.
दगडावर साबणाची वडी,
अर्धी झिजलेली.
जागेवरून हलवली नाही.