वरची डावी दाढ

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागं, दुसऱ्या मजल्यावर
माझं काम एवढंच:
दिवा सरळ करायचा, लाळ ओढायची, गाल जरा सारायचा
आणि डॉक्टर हुदांच्या हाती द्यायचा
रुपयाएवढा आरसा, लांब दांडीचा.

वरच्या दाढेपर्यंत दिवा थेट पोचत नाही.
खालून तिरका आरसा धरला की
उजेड आपटतो, वळतो
आणि शिरतो दाढेमागच्या खळीत,
जिथं जन्मात ऊन गेलेलं नसतं.

ज्या कोनात येतो, त्याच कोनात जातो.
देवरुखच्या शाळेत ढवळे बाईंनी
पुठ्ठ्यात फणी खोचून, टॉर्च लावून दाखवलेलं.
आम्ही कंपासपेटीच्या झाकणानं
त्यांच्याच अंबाड्यावर कवडसा नाचवत होतो.
पाठ फिरवूनही त्यांना कळायचं, कुणाचा.
नियम तेव्हा पाठ झाला.
कळला इथं, हातमोजे चढवल्यावर.

(महिन्याच्या दोन तारखेला पगार येतो,
तीनला जातो.
जवळजवळ त्याच कोनात.)

आरशात पाहून काम करायचं म्हणजे
ड्रिल पुढं न्यायला बोटांनी मागं यायचं.
हुदा म्हणतात, सहा महिने लागतात हाताला
उलटं खरं मानायला.
परवा लेकीनं फोनवर आ करून दाखवलं,
पहिला दुधाचा दात पडलेला.
डावीकडचा, मी म्हटलं.
"उजवीकडचा गं, आई!"
दिवसभर दातांचे नंबर लिहिणारी मी.
समोर बसलेल्या माणसाचं डावं-उजवं
मी कधीपासून विसरले?

काल बू-जासिम आले. नव्वदीला टेकलेले,
सगळी हयात गलबतांना खिळे ठोकण्यात गेलेली.
पोरवयात दोनदा मुंबईला जाऊन आले,
म्हणून मला "बाई" म्हणतात, "पानी" मागतात.
भूल चढेपर्यंत सांगत बसले:
बाप मोत्यांच्या हंगामाहून परतायच्या सुमाराला
आई रोज दुपारी गच्चीवर जायची, आरसा घेऊन.
ऊन पकडायची, उत्तरेला फेकायची.
गलबतावरून ना आई दिसायची, ना घर.
पाण्याच्या कडेला नुसतं काहीतरी चमकायचं.
मी विचारलं, त्याचा अर्थ काय?
"जेवण तयार आहे,"
म्हणाले, आणि असे हसले
की आरशाविना शेवटची दाढ दिसली.

एक राहिलंच.
थंड आरसा तोंडात गेला की लगेच धुरकटतो.
म्हणून आधी तो त्याच माणसाच्या
गालाला आतून घासायचा,
त्याच्याइतका ऊबदार करायचा,
मगच तो काही दाखवतो.
हे ढवळे बाईंनी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी बारा आरसे धुतले.
ऑटोक्लेव्हमध्ये लावायच्या आधी
पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हात
एक धरला, उगाच.
समोरच्या भिंतीवर कवडसा उठला,
कॅलेंडरवरून घसरला, कोपऱ्यात जाऊन थांबला.
थांबला कसला, थरथरत होता.
इथं पाच वाजलेले.
म्हणजे देवरुखला साडेसात.
ताटं मांडली असतील.