दोनशे तेवीस

जुनी डिस्क आता बोलायला लागली आहे.
कट्… कट्… मध्येच थांबते,
घशात काटा अडकल्यासारखी.
नवी आली चंद्रपूरहून, वजनाला पापडाएवढी.
डब्यावर दोनशे चाळीस,
लावून पाहिली तर दोनशे तेवीस.
बाजारातल्या किलोसारखंच हे.
आणि जुनीत भरलंय चारशे एकतीस.

निकेश म्हणतो, उडवून टाका ना ताई,
कोण विचारते जी?
म्हटलं, थांब बाबू.
आधी सगळं बाहेरच्या मोठ्या डिस्कवर उतरव.
उतरवलं म्हणजे उतरलं असं नसते,
दहा ठिकाणचं उघडून पाहा.
धान मोजून भरलं तरी
पोतं शिवायच्या आधी हात घालतोच ना आपण.

लाईट दोनदा गेली.
दोनदा पहिल्यापासून.

मग बसले चाळायला.
सातबारा, सातबारा एक, सातबारा एक फायनल,
एकाच माणसाचा एकोणीस वेळा;
जमीन तेवढीच, दीड एकर.
भंगारात गेलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर.
नवीन फोल्डरच्या आत नवीन फोल्डर,
त्याच्या आत काहीच नाही.
विंडोजच्या फोल्डरला हात लावू नको,
निकेशला तिसऱ्यांदा सांगितलं,
जे आपण ठेवलं नाही ते आपण काढायचं नाही.

अकरा वर्षांचे पासपोर्ट फोटो.
निराधारवाल्या म्हाताऱ्या, बारावीची पोरं,
तेंदूच्या फडीवरचा मुन्शी,
पांढऱ्या पडद्यापुढे श्वास रोखून बसलेले.
अख्खं नवरगाव आणि भोवतालची चौदा खेडी
तीन जीबी.
माणसं फार जागा घेत नाहीत.

जागा खातात लग्नं.
मोहुर्ले–गहाणे, दोन हजार पंधरा, एकसष्ट जीबी.
दोन कॅमेरे, त्यातल्या एकात
अर्धा तास नुसता मांडवाचा खांब.
साडेतीन हजार बाकी. अल्बम न्यायला कोणी आलंच नाही.
सोडचिठ्ठीचं नंतर बाजारात कळलं.

निकेशचं बोट डिलीटवर.
मी फोन लावला.
प्रांजली आता ब्रह्मपुरीला नर्स आहे.
बराच वेळ तिकडून नुसता पंख्याचा आवाज.
मग, काढून टाका जी ताई. सगळं.

पाच मिनिटांनी तिचाच फोन.
हळदीच्या रात्री बाबा नाचले होते,
तेवढं सापडलं तर…

सापडायला दुपार गेली.
फाईल सतरा, बाविसावं मिनिट.
मोहुर्ले गुरुजी, ज्यांना शाळेत कोणी हसताना पाहिलं नाही,
एका हाताने चष्मा सांभाळत, दुसरा हात वर,
डफड्याच्या अर्धा ठेका मागे.
चाळीस सेकंद.
कापून घेतलं. दोन जागी ठेवलं.
दोन्हीकडचं चालवून पाहिलं.
मग बाकीचं काढलं.

रात्री नऊला नवी सुरू झाली,
इतकी गुपचूप की मी कान लावून पाहिला.
जुनीवर मार्करने तारीख टाकली,
खाली लिहिलं: दिवाळीपर्यंत पुसू नये.
आणि चिल्लरच्या डब्यामागे ठेवून दिली.

निकेश म्हणाला, मग दिवसभर काढलं काय आपण?
म्हटलं, शटर ओढ.